दहाचे बारा होताना

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत एक आकडा होता: दहा. पत्नी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्याशी केलेला समागम हा बलात्कार. दहा पूर्ण झाली की नवऱ्याला कायद्याची आडकाठी नाही. तीस वर्षे हा आकडा कलम ३७५ मध्ये निमूट पडून होता. त्याच्यावरून कोणी सभा भरवली नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही. १८९१ च्या जानेवारीत सरकारने त्या दहाचे बारा करायला घेतले, तेव्हा मात्र पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत रान पेटले.

निमित्त कलकत्त्यात घडले होते. १८९० च्या जूनमध्ये फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती तिशी उलटलेला. फुलमणीने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून बलात्काराचे कलम येथे लागूच होत नाही, असे न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले. शिक्षा झाली ती बेपर्वाईने गंभीर इजा केल्याबद्दल, एक वर्ष सक्तमजुरीची. मुलगी दहाच्या आतली असती तर तोच प्रकार बलात्कार ठरला असता. त्यानंतर हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवला आणि आपण स्वतः उपचार केलेल्या अशाच मुलींची प्रकरणे त्याला जोडली. ती वाचल्यावर हा एखाद्या राक्षसी नवऱ्याचा अपवाद आहे, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

वादाची ठिणगी मात्र मुंबईत सहा वर्षे आधीच पडली होती. ‘इंडियन स्पेक्टेटर’चे पारशी संपादक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ च्या ऑगस्टमध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे छापून लॉर्ड रिपन यांच्या हाती दिली. सरकारने ती प्रांतोप्रांती मतासाठी फिरवली. आलेली मते वाचण्यासारखी आहेत. बहुसंख्य मान्यवरांचे सूत्र एकच: प्रथा वाईट आहे, पण कायदा नको, शिक्षण वाढेल तशी ती आपोआप जाईल. जोतीराव फुल्यांनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. एकोणिसाच्या आतला मुलगा आणि अकराच्या आतली मुलगी यांचे लग्न लावू देऊ नये. कोणी लावलेच तर आईबापांवर कर बसवावा आणि तो पैसा खालच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांनी लिहून दिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८६ मधल्या गाजलेल्या व्याख्यानात, सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नाला उत्तर दिले ते असे की, जिथे विरोध कमी तिथून आधी पुढे जावे. त्याच वर्षी डफरिन यांच्या सरकारने मलबारींच्या टिपणांवर पडदा टाकला. समाजाच्या चालीरीतींत आपण हात घालणार नाही, असा निर्वाळा दिला.

पण हात आधीच घातलेला होता, आणि तो भलत्याच बाजूने. मुंबई हायकोर्टात तेव्हा दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला चालू होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. त्या सासरी कधी नांदल्याच नाहीत. मोठेपणी, न विचारता लावलेले हे लग्न आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी सांगितले. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात प्रकरण परत आले आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. ‘केसरी’सह सनातनी पत्रांनी या हुकुमाचे स्वागत केले, हिंदू विवाहाचे पावित्र्य टिकले, असा त्यांचा सूर होता.

यातली गंमत पिन्हे यांनी आपल्या निकालात आधीच नोंदवून ठेवली होती. नांदायला न येणाऱ्या बायकोला कोर्टाकरवी आणवण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच. तो इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून इकडे आला होता, आणि असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली होती. म्हणजे विलायतेने टाकून दिलेले हत्यार इथे सनातन धर्माच्या रक्षणासाठी उगारले जात होते. परक्या सरकारने आमच्या घरात डोकावू नये म्हणणाऱ्यांना तेच परके सरकार बेलिफ पाठवून बायको आणून देत असेल तर खटकत नव्हते. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटात त्यांनी पुढची अनेक वर्षे रुग्णसेवेत घालवली.

अशाच वादांतून पुण्यातली, ‘केसरी’तल्या टिळक आणि आगरकर यांची मैत्रीही मोडली. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी दसऱ्याला ‘सुधारक’ काढला. त्यामुळे १८९१ च्या ९ जानेवारीला कायदेमंत्री सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तोफा आधीच रोखलेल्या होत्या.

पहिली फैर झडली ती शास्त्रार्थाची. मुलीला न्हाण आले की सोळा रात्रींच्या आत गर्भाधान संस्कार व्हायला हवा. बाराच्या आत न्हाण आले आणि कायद्याने मनाई केली तर संस्कार चुकतो, पाप लागते. तेव्हा विधेयक म्हणजे धर्मावर घाला आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याचा भंग, असा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याला ग्रंथ उघडूनच उत्तर दिले. गृह्यसूत्रांत लग्नानंतर चौथ्या रात्री समागम सांगितला आहे, म्हणजे त्या काळी वधू वयात आलेलीच असे. आणि गर्भाधान पहिल्याच ऋतूत झाले पाहिजे असे बंधन नाही, ते लांबले तर किरकोळ प्रायश्चित्ताने भागते, असे त्यांनी दाखवले. टिळकांनी वचनाला वचन देऊन प्रतिवाद केला. काही आठवडे मराठी वर्तमानपत्रांत स्मृती, निबंध आणि टीका यांचा पाऊस पडला. त्यात अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न वाहून गेला.

दुसरा युक्तिवाद होता घराच्या उंबरठ्याचा. नवराबायकोतली गोष्ट ती. तिथे पोलीस कसा येणार? या म्हणण्यात तथ्य होते, पण पुण्याच्या वाड्यांत ती गोष्ट मुळात चार भिंतींत राहत नव्हती. मुलीला न्हाण आले की तिला सजवून मखरात बसवायचे, ओटी भरायची, आप्तांकडून फराळाची ताटे यायची, दारात वाजंत्री लागायची. मुलगी ‘न्हाणवली’ झाल्याची वर्दी आळीभर जायची आणि पुढचा मुहूर्त सगळ्यांना ठाऊक असायचा. मग लाजेने अंग चोरणाऱ्या त्या पोरीचे खासगीपण नेमके कोण जपत होते? उंबरठ्याच्या आत जात, गोत, शेजार आणि पुरोहित या सर्वांना वाव होता. अडवायचे होते ते फक्त कायद्याला.

टिळकांची भूमिका मात्र भटांच्या पोथीइतकी सरळ नव्हती, आणि तिला न्याय द्यायला हवा. बालविवाह चांगला, असे त्यांनी म्हटले नाही. लोकांना जबाबदार नसलेल्या परक्या सरकारने कायदा करायचा, हे त्यांना मान्य नव्हते. एकदा ही वाट मोकळी करून दिली की उद्या ते आणखी कशात हात घालतील, ही धास्ती होती. ज्या कायदेमंडळात हे विधेयक आले, तिथे लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता, हे खरेच होते. टिळकांनी म्हणून उलट बाजूने डाव टाकला. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावे: मुलींची लग्ने सोळाच्या आत नकोत, मुलांची विसाच्या आत नकोत, पुरुषाने चाळिशीनंतर लग्न करू नये, करायचेच तर विधवेशी करावे, हुंडा आणि विधवांचे केशवपन बंद, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला. जे सही करतील त्यांच्यापुरता सरकारने हाच कायदा करावा.

पाहायला गेले तर सोळा हा आकडा बारापेक्षा कितीतरी पुढचा. पण सह्या झाल्या नाहीत. सुधारकांना हा डाव अडचणीचा होता, कारण त्यांच्यातल्या अनेकांची घरे त्यात बसत नव्हती. त्यांचे पुढारी असलेल्या खुद्द रानड्यांनी एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून, अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले होते. विरोधकांवर हे हत्यार चांगले चालले. तरी या प्रसंगातून निघणारा निष्कर्ष टिळकांना हवा होता त्याच्या उलटच जातो. रानड्यांसारख्या माणसाला, विधवाविवाहाचा कैवार घेतलेला असताना, घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे नमावे लागत असेल, तर स्वेच्छेच्या सहीवर किती भिस्त ठेवायची? रानडे स्वतः हेच सांगत होते. ज्याला बदलायचे आहे पण जातीचे भय वाटते, त्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो. शिवाय राजाने अशा बाबतीत हुकूम काढणे हिंदू परंपरेला नवे नव्हते. वाई प्रांतातल्या ब्राह्मणांनी मुलीवर पैसे घेऊ नयेत, असे फर्मान पेशवाईत निघालेच होते.

जातीचे भय म्हणजे काय चीज होती, ते पुण्याने त्याच हिवाळ्यात पाहिले. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातले बरेच प्रतिष्ठित लोक गेले. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पाहुण्यांची यादी गोपाळराव जोश्यांनी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला माणसे नेमली गेली, साक्षी झाल्या. आरोपींत रानडे होते आणि टिळकही होते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे मित्रांच्या आणि घरच्यांच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतले, आणि त्यासाठी सुधारकांचे बोल खाल्ले. एक पेला चहासाठी वकील, न्यायाधीश, प्राध्यापक असल्या मंडळींना दोन वर्षे जाब द्यावा लागला.

संमतिवयाच्या वादात ‘कायदा हवा की समाज?’ असा प्रश्न मांडला गेला, तो म्हणूनच फसवा होता. कायदा नसलेला समाज तिथे नव्हताच. ग्रामण्य होते, बहिष्कार होता, दंड होता, प्रायश्चित्त होते. पाण्याला, पंगतीला, सोयरिकीला मुकण्याची शिक्षा होती. आठव्या वर्षी मुलगी उजवायला लावणारा नियम सरकारी गॅझेटात नव्हता, तरी तो मोडणाऱ्या बापाचे काय होते हे सर्वांना माहीत होते. विधवाविवाह १८५६ मध्येच कायदेशीर झाला होता, तरी मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनी १८६९ मध्ये तसा विवाह लावला तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडलाच. मग निवड कोणत्या दोन कायद्यांत होती? एक, ज्याचे कलम वाचता येते, ज्यावर भांडता येते, अपील करता येते, जो दुरुस्त होतो. दुसरा, ज्याचे कलम कुठे लिहिलेले नसते आणि ज्याचा न्यायाधीश शेजारीच राहतो.

फेब्रुवारीत पुण्यात तापमान चढत गेले. विधेयकाला पाठिंबा देणाऱ्यांची क्रीडाभुवनातली सभा जमावाने उधळून लावली. धक्काबुक्की झाली, मोडतोड झाली. ‘सुधारक’ने याचे खापर टिळकांच्या गोटावर फोडले, त्यांनी ते झटकले. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुणेकरांची मजल गेली. कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाली, कालीघाटला महापूजा झाली, आणि ‘बंगबासी’ पत्रावर पुढे राजद्रोहाचा खटला भरला गेला. कायदेमंडळात बंगालचे सर रमेशचंद्र मित्र विरोधात बोलले. पुण्याचे रावबहादूर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर बाजूने उभे राहिले. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले. दहाचे बारा झाले.

झाले, पण कसे? आरडाओरडीला भिऊन सरकारने कायद्याचे दात आधीच बोथट केले होते. नवऱ्याविरुद्धच्या तक्रारीची दखल जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा इलाखा शहराचा मॅजिस्ट्रेट यांनीच घ्यायची. तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या पोलिसाने करायचा नाही. छळवणूक टाळायला ही काळजी रास्त होती, पण फिर्याद करणार कोण? मुलीच्या आईने केली तर लेकीचा संसार मोडणार. आणि वय सिद्ध करणार कसे? जन्माची धड नोंद नाही. जन्मपत्रिका घरातल्यांच्या हातात. १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली. ती देशभर फिरली तेव्हा तिला आढळले की सदतीस वर्षांनंतरही हा कायदा बहुतेक लोकांना ठाऊकच नाही.

कायद्याने साधले थोडे, वादाने मात्र राजकारणाची घडी बदलली. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू द्यायची नाही, असा हट्ट धरला गेला. रानड्यांनी मंडप सोडून दिला. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

परक्या सरकारने केला म्हणून कायदा फसला, असे टिळकांचे अनुयायी म्हणू शकत होते. इतिहासाने त्याचीही परीक्षा घेतली. बडोद्यात राजा परका नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. मुलीला बारा आणि मुलाला सोळा ही मर्यादा. खटले झाले, दंड वसूल झाले, आणि लोकांनी दंडाची रक्कम मांडव, वाजंत्री आणि आहेर यांच्या शेजारी लग्नखर्चात धरायला सुरुवात केली. स्वकीय राजाच्या कायद्यालाही आपल्या लोकांनी अशी बगल दिली.

मग १९२९ साली तिसरी परीक्षा. हरबिलास सारडांचे विधेयक ज्या मध्यवर्ती असेंब्लीत मंजूर झाले, तिथे बहुसंख्य सभासद निवडून आलेले होते. मुलगी चौदा, मुलगा अठरा. या वेळी बायकाही बोलत होत्या: १९२७ च्या जानेवारीत पुण्यातच फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली होती आणि तिने हा प्रश्न लावून धरला. परकेपणाचा आक्षेप आता लंगडा पडला होता. उरला तो धर्माचा आक्षेप, आणि तो चाळीस वर्षांपूर्वी होता तितक्याच जोरात ऐकू आला. कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर त्याआधीच्या महिन्यांत ठिकठिकाणी लहान मुलांची लग्ने घाईघाईने उरकून घेतली गेली. कायद्यातही फटी होत्याच: तक्रारदाराकडून शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका, आणि एकदा लागलेले लग्न वैधच.

वयाची मर्यादा पुढे वाढत गेली. १९७८ मध्ये ती अठरा आणि एकवीसवर आली. २००६ मध्ये नवा कायदा झाला आणि महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेतला, नवऱ्याला सूट देणारा तो जुना अपवाद अठराच्या आतल्या पत्नीपुरता मोडीत काढला. दहापासून अठरापर्यंत यायला १५७ वर्षे लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले, त्यांचे देशातले प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात तेव्हा ते २१.९ टक्के होते. बीडसारख्या ऊसतोडीच्या मुलखात त्याचे कारण पोथीत सापडत नाही. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. सहा महिने फडावर जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती वाटते. म्हणून हंगामाआधी तिचे हात पिवळे होतात. तिथे ग्रामसेवकाच्या नोटिशीइतकेच वसतिगृहही लागते, दहावीपर्यंतची शाळा लागते.

एवढ्यावरून दोन सोयीस्कर निष्कर्ष काढता येतात. एक, कायद्याने काही होत नाही. दुसरा, कायदा कडक केला की सगळे होते. दोन्ही चुकीचे आहेत. कायदा रूढी मोडत नाही. रूढी मोडू पाहणाऱ्याच्या हाती तो एक आधार देतो. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करणाऱ्या मैत्रिणीला, लग्न थांबवणाऱ्या शिक्षिकेला, ‘पोलीस येतील’ एवढे म्हणून नातेवाइकांना टाळणाऱ्या बापाला तो आधार १८८४ मध्ये नव्हता, आज आहे. तो वापरता येईल अशी परिस्थिती तयार करणे हे पुढचे काम. ते कलमाने होत नाही, आणि कलमावाचूनही होत नाही.

वादग्रस्त सामाजिक प्रश्न आला की ‘समाज तयार होऊ द्या, मग कायदा करा’ हा सल्ला आजही दिला जातो. सगळ्याच बाबतीत तो चुकीचा नसतो. कोणी काय खावे, कोणाशी लग्न करावे, कोणता सण कसा साजरा करावा, इथे कायद्याने हात आखडता घेणेच बरे. पण तो ऐकण्यापूर्वी एक विचारून घ्यावे: वाट पाहण्याची किंमत कोण मोजणार आहे? १८९१ मध्ये थांबा म्हणणारे वकील, शास्त्री आणि संपादक होते. थांबायचे होते ते अकरा वर्षांच्या मुलींनी, ज्यांचे मत कोणत्याही सभेत घेतले गेले नव्हते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर प्रथा चालत असेल, तिथे कायद्याने समाजाची वाट पाहू नये. तो अपुरा निघेल, पळवाटांचा निघेल, चाळीस वर्षांनी पुन्हा दुरुस्त करावा लागेल. तरीही तो आधी यावा.